डिकीतलं सामान कुणासाठी?

माझ्या फीडमध्ये सध्या दर तिसरं रील कुठल्यातरी किटचं असतं. 14 कामं करणारी पकड, क्रेडिट कार्डाएवढा पाना, काच फोडायची हातोडी, 12 व्होल्टवर चालणारी किटली. लडाखच्या वाटेवर एक मुलगा डिकी रिकामी करून सगळं ताडपत्रीवर ओळीने मांडतो आणि वरून ड्रोन फिरतो. मला हे बघायला आवडतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काय काय बिघडू शकतं याची यादी करण्याचाच मला पगार मिळतो. पण ही रीलं बघताना एक गोष्ट खटकत राहते. ताडपत्रीवरची प्रत्येक वस्तू एकाच माणसासाठी असते, त्या मुलासाठी. त्याची गाडी, त्याची तहान, त्याची काच. रस्त्यावर दुसरं कुणी राहतंच नाही जणू.

सोबत काय न्यावं, घरात कुठली हत्यारं ठेवावीत, हा आपल्याला खरेदीचा प्रश्न वाटतो. बजेट किती, जागा किती, रेटिंग काय. मला तो हळूहळू नीतीचा प्रश्न वाटायला लागलाय. कसा, ते सांगतो.

आधी स्टेपनी. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की मराठीच वाटतो. तो आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून दुरुस्त करत बसायचं. 1904 मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेला टायर चढवलेली एक बिनआऱ्यांची रिम काढली. ती पंक्चर झालेल्या चाकावरच बाहेरून आवळायची आणि पुढे निघायचं. ते चाक कधीच इतिहासजमा झालं, नाव आपल्याकडे राहिलं. आता वस्तूही जायला लागलीय. 2020 साली केंद्राने मोटार वाहन नियम बदलले आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर कारमध्ये स्टेपनी असण्याची सक्ती उरली नाही. वजन वाचतं, जागा वाचते, तर्क चुकीचा नाही. पण टायर बाजूने फाटला तर त्या किटमधल्या रबराच्या दोरीचा काही उपयोग नसतो, आणि तळाला खिळा घुसला असेल तरी तो ज्या कोनात घुसलाय त्याच कोनात सुई फिरवता यावी लागते. म्हणजे वस्तूच्या जागी कौशल्य आलं. आमच्या धंद्यात रिस्टोर करून न पाहिलेल्या बॅकअपला कुणी बॅकअप धरत नाही. हवा न तपासलेली स्टेपनी आणि न उघडलेलं किट त्याच जातीचं. नट जॅक लावायच्या आधी सैल करायचे, कारण चाक अधांतरी झालं की पान्याबरोबर तेच फिरतं, एवढं तरी एका रविवारी पार्किंगमध्ये करून पाहावं. असो. हा भाग यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगला मिळेल.

मला बोलायचंय ते माझ्या एका मित्राच्या युक्तिवादाबद्दल. तो डिकीत काहीच ठेवत नाही. त्याचं म्हणणं, हा देश अमेरिका नाही. तिथे वाळवंटात 100 किलोमीटर माणूस दिसत नाही म्हणून ते लोक गॅरेजभर हत्यारं बाळगतात. इथे दर थोड्या अंतरावर टायर टांगलेला पंक्चरवाला असतो, चहाची टपरी असते, थांबणारी माणसं असतात. सगळं स्वतःजवळ बाळगणं म्हणजे या माणसांवर अविश्वास दाखवणं. कुणाची गरजच पडू नये अशी तयारी करायची आणि वर समाज तुटत चाललाय म्हणून गळा काढायचा, हे कसं चालेल?

हा युक्तिवाद मला आवडतो. त्यात खरं आहे. फक्त तो सगळ्यांनी मानला तर काय होतं, ते मागच्या जुलैमध्ये ताम्हिणीत दिसलं.

मुळशी मागे पडली, निवे ओलांडलं की त्या रस्त्यावर बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. संध्याकाळचे सात, पाऊस, धुकं. एका वळणाअलीकडे एक गाडी कडेला उभी होती. आत नवरा-बायको, एक लहान मुलगी, मागच्या सीटवर आजी. धबधब्यापाशी दिवे चालू राहिले आणि बॅटरी उतरली, एवढंच झालेलं. त्यांनी सांगितलं की आमच्या आधी चार गाड्या थांबल्या होत्या. चारही. एकाने छत्री दिली, एकाने पाण्याची बाटली, एकाने दोघांना सोबत घेऊन ढकलून पाहिलं. पण गाडी ऑटोमॅटिक, ढकलून सुरू होणार कशी? जंपर केबल कुणाकडेच नव्हती. आमच्याकडे होती. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, लालचं दुसरं टोक आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा आमच्या ऋण टोकाला, आणि काळ्याचं शेवटचं टोक त्यांच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटचं टोक लावताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. पाच मिनिटं आमचं इंजिन चालू ठेवलं, त्यांची गाडी लागली.

माणसं थांबत नाहीत, व्हिडिओ काढतात, असं आपण सारखं ऐकतो. इथे चार गाड्या थांबल्या होत्या. चांगुलपणाची कमतरता नव्हती, वायरची होती. माझ्या मित्राचं ‘भेटेल कुणीतरी’ त्या चारही गाड्यांत बसलेलं होतं. ‘भेटेल कुणीतरी’ या वाक्यातला तो कुणीतरी ताडपत्रीवर सामान मांडणारा कुणीतरी असावा लागतो, हे त्यातून सोयीस्करपणे गळतं.

म्हणून सगळ्यांनी सगळं बाळगावं का? तेही नाही. शंभर गाड्यांत शंभर केबलची गरज नसते, दहा पुरतात. सिस्टिम डिझाइनमध्ये आम्ही हेच करतो, प्रत्येक सर्व्हरवर प्रत्येक गोष्टीची प्रत ठेवत नाही, पण एकही प्रत कुठेच नाही असंही होऊ देत नाही. तेव्हा सामान निवडताना मी आता एक वेगळा प्रश्न विचारतो. या रस्त्यावर बाकीच्यांकडे काय नसेल? पाणी, बिस्किटं, चार्जर प्रत्येकाकडे असतात. जंपर केबल, ओढायचा पट्टा, हवा भरायचा छोटा पंप, डोक्याला लावायची बॅटरी ही क्वचित कुणाकडे असतात. माझी डिकी भरलेली असते ती या दुसऱ्या यादीने. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक वस्तू मला स्वतःला आजवर लागलेली नाही.

आपल्याकडे यासाठी शब्द होता. शिदोरी. ती बांधली जाते स्वतःसाठी, पण एसटीत ती एकट्याने खाणारा माणूस विचित्र वाटतो. शेजारच्याला ‘घ्या ना’ म्हणण्यापुरती एक भाकरी जास्तीची धरलेलीच असते. ताम्हिणीतल्या त्या आजीने गाडी सुरू झाल्यावर पिशवीतून डबा काढला. ‘घ्या रे बाळांनो, भिजलात सगळे’, म्हणून बेसनाचे लाडू आमच्या हातावर ठेवले. तिची तयारी आमच्यापेक्षा जुनी आणि बरी होती.

उलट दिशेची तयारीही आपण रोज बघतो. घाटात ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड मांडतो, झाडाची फांदी ठेवतो. ही शहाणी पद्धत आहे. दुरून येणाऱ्याला कळतं, वेग कमी होतो. ट्रक दुरुस्त होतो, ड्रायव्हर निघून जातो. दगड तिथेच राहतात. मग रात्री पाण्याच्या फवाऱ्यातून येणाऱ्या बाइकवाल्याला ते दिसत नाहीत. ज्या दगडांनी एकाला वाचवलं तेच दुसऱ्याला पाडतात. त्या ड्रायव्हरला दुष्ट म्हणता येणार नाही, तो बारा-बारा तास जागा असतो. पण त्याची काळजी त्याचा ट्रक हलेपर्यंतच पुरली. परावर्तक त्रिकोण मला म्हणूनच मोलाचा वाटतो. तो नव्या गाडीबरोबर फुकट येतो आणि बहुतेकांच्या डिकीत प्लास्टिकसकट पडून असतो. तो विकत घेतलेला, स्वतःचा असतो म्हणून माणूस जाताना उचलून नेतो. दगड कुणाचेच नसतात. (त्रिकोण गाडीला चिकटून ठेवू नका. निदान 50 पावलं मागे, आणि घाटात असाल तर वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला वळण घ्यायच्या आधी दिसेल असा.)

त्रिकोणाबरोबर येणारी दुसरी वस्तू म्हणजे प्रथमोपचाराची पेटी. तिच्याबद्दल लोक एक वेगळं कारण सांगतात, पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार? हे कारण आता जुनं झालंय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केलं, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134ए हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. कायद्याने भीती काढून घेतली की मागे उरतं ते निव्वळ ‘मला येतं का’. 108 लावणं, रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणं आणि थांबलं का बघायला ते सारखं न उचलणं, बेशुद्ध बाइकवाल्याचं हेल्मेट घाईने न ओढणं. एवढं शिकायला एक दुपार लागते. ती दुपार न काढणं याला मी नुसता आळस म्हणत नाही. ती न काढण्याची किंमत दुसरा कुणीतरी भरणार असतो.

घरातही हाच प्रश्न येतो, फक्त त्याचा चेहरा बदलतो.

माझं ड्रिल आमच्या इमारतीत चार मजले फिरून आलंय. 6 एमएमचं बिट बोथट होऊन परत येतं, त्याचं काही नाही. पण मी आता ड्रिल नुसतं देत नाही, ड्रिलबरोबर जातो. कारण घेऊन जाणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं की स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भिंतीच्या आत वायरची नळी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. टाइलवर हॅमर मोड लावला की ती तडकते हेही माहीत नसतं. हत्यार हातात देणं ही अर्धीच मदत झाली. शेजारचे काका यावर वैतागतात, ‘अरे, मशीन दे फक्त, मी काय लहान आहे?’ मी चहा घेईन म्हणतो आणि जातो.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे घरातली बहुतेक कामं आपण करतच नाही. करायला कुणीतरी येतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत टेस्टर, पकड, टेफ्लॉन टेप, दोन स्क्रू ड्रायव्हर. शिडी नसते, बाइकवर कशी आणणार? मग आपण त्याला प्लास्टिकची खुर्ची देतो, तिच्यावर स्टूल. ज्या खुर्चीवर आपण आईला चढू देणार नाही, तिच्यावर तो पंखा काढायला चढतो. मी घरात जाड पायांची ॲल्युमिनियमची शिडी घेतली तेव्हा घरच्यांनी विचारलं, तू कधी चढणार? मी नाहीच चढणार. ती त्याच्यासाठी आहे. तसाच एक गॉगल आहे, भिंत फोडताना घालायचा.

खरा पेच एसीचा. तुमच्याही इमारतीत पाहिला असेल. बाहेरचं युनिट सातव्या मजल्याच्या खिडकीखाली, आणि विशीतला एक मुलगा छज्जावर पाय ठेवून, एका हाताने ग्रिल धरून, दुसऱ्या हाताने पाना फिरवतोय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की सामायिक खर्चातून एक पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि दोर घेऊ, आणि गच्चीच्या बीममध्ये जाणकाराकडून हुक बसवून घेऊ, कारण बेल्ट ग्रिलला अडकवून काही होत नाही, वजन पडलं की ग्रिलच निघतं. एका काकूंनी विरोध केला आणि त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. बेल्ट देणं त्याच्या मालकाचं काम आहे. आपण दिला आणि तरी काही झालं, तर उद्या बोट आपल्याकडे दाखवलं जाईल. न दिला तर निदान जबाबदारी कुणाची हे स्पष्ट राहतं.

मी यावर बराच विचार केला. जबाबदारी कुणाची हे स्पष्ट ठेवणं महत्त्वाचं आहे. मालकाला सूट मिळू नये हेही. पण ती कागदावर स्पष्ट होईपर्यंत मुलगा छज्जावर उभा असतो, आणि युनिट माझं असतं. शेवटी दोन मतांनी ठराव झाला, पत्र मालकालाही पाठवायचं आणि बेल्टही घ्यायचा.

एप्रिलमध्ये पहिला सर्व्हिसवाला आला. मी बेल्ट आणि दोर काढून दिला, गच्चीवरचा हुक दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, चांगला आहे म्हणाला. मग विचारलं, ‘सर, हे घालायला-काढायला अर्धा तास जाईल. कॉलमागे पैसे मिळतात मला. त्या अर्ध्या तासाचं काय?’

दिवसाला किती कॉल असतात, मी विचारलं. उन्हाळ्यात नऊ, तो म्हणाला. मी त्या अर्ध्या तासाचे पैसे दिले आणि त्याने बेल्ट घातला. तो काम करत होता तेव्हा समोरच्या इमारतीत आणखी एक मुलगा खिडकीतून बाहेर उतरत होता, ग्रिल धरून. आमच्यावाल्याने त्याला हाक मारून हात केला. ओळखीचा होता त्याच्या.