टीव्हीची भिंत आणि देवाची भिंत

टीव्ही भिंतीवर किती उंचीला आणि कोणत्या ब्रॅकेटवर बसवावा, हा प्रश्न घराला दोनदा सोडवावा लागतो: एकदा शरीरासाठी आणि एकदा श्रद्धेसाठी. कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरात बाहेरच्या खोलीची मोठी भिंत एकच असते. तिच्यावर अंबाबाईची किंवा जोतिबाची तसबीर असते, गेलेल्या आजी-आजोबांचे फोटो असतात, बऱ्याच घरांत शिवाजी महाराज किंवा शाहू महाराजही असतात, आणि देवघराला वेगळी खोली नसेल तर देव्हाराही तिथेच असतो. टीव्ही या सगळ्यांच्या रांगेत येऊन बसतो. त्याला कोणती जागा द्यायची हे ठरवताना घर काय पाहते आणि कोणाला मान देते, हेही ठरत असते.

शरीराचा हिशेब सरळ आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १०५ ते ११५ सेंटिमीटरवर येतात आणि पडद्याचा मध्य साधारण तेवढ्याच उंचीवर असावा. ४३ इंची टीव्हीची उंची ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आली की मान सरळ राहते. सतरंजीवर मांडी घालून बसण्याची पद्धत असलेल्या घरात डोळे ७० ते ७५ सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे टीव्ही आणखी खाली घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत तो दरवाजाच्या चौकटीच्या वरच्या कडेला जुळवून लावलेला दिसतो. खाली शोकेस आहे, लहान मुलांचा हात पोहोचतो, लांबून आलेल्या पाहुण्यांनाही दिसावा, अशी कारणे दिली जातात. पंचगंगेच्या काठच्या वस्तीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्याचे कारणही त्यांत आले आणि ते अगदी खरे आहे. पण ज्या घरात यांपैकी एकही कारण लागू नाही, तिथेही टीव्ही वरच जातो. मराठी घरात मानाची वस्तू उंचावर ठेवण्याचा संस्कार आहे आणि महाग वस्तूला हात आपोआप तीच जागा देतो.

इथून प्रश्न धर्माच्या अंगणात येतो. पूर्वजांचा फोटो वर लावतात, कारण त्यांच्याकडे मान वर करून पाहावे अशी भावना असते. देव्हारा पाटावर किंवा फळीवर असतो आणि देव जमिनीला टेकू नये एवढी काळजी घेतली जाते. उंची हा घरातल्या नमस्काराचाच एक भाग आहे. पाच फुटांवर लावलेल्या टीव्हीपुढे रोज तीन तास मान वर करून बसणारे कुटुंब त्या वस्तूला नकळत असा मान देते, जो तिने मागितलेला नाही आणि तिला शोभतही नाही. मानेच्या आरोग्यासाठी सांगितलेली उंची आणि श्रद्धेला मानवणारी उंची इथे एकच निघते: पडदा डोळ्यांच्या समोर, तसबिरींच्या खाली.

पाहण्याच्या उंचीचा विचार भारतीय परंपरेने फार बारकाईने केला आहे. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत गर्भगृहाच्या दाराच्या उंचीचे भाग पाडून मूर्तीची दृष्टी कोणत्या भागात यावी याचे हिशेब दिलेले आहेत. मूर्ती आणि भक्त यांची नजरानजर योगायोगावर सोडायची नाही, ही त्यामागची भूमिका. कोल्हापुरात तर हा विचार डोळ्यांनी पाहता येतो. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गर्भगृहापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढावीत, असा या किरणोत्सवाचा क्रम आहे. ढग आले किंवा वाटेत एखादे बांधकाम आडवे आले की किरणे मध्येच थांबतात. एखाद्या इमारतीने त्या वाटेत थोडीशी उंची वाढवली तरी सूर्य आणि मूर्ती यांची भेट चुकते. इतकी नेमकी मांडणी ज्या गावाच्या मध्यभागी उभी आहे, तिथे घरातल्या भिंतीवर काय कुठे असावे हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

मूर्ती अचल असते किंवा चल. गर्भगृहातली मूर्ती जागची हलत नाही, माणसाने तिच्याकडे जायचे असते. उत्सवमूर्ती मात्र लोकांकडे येते. दर शुक्रवारी मंदिराच्या आवारात अंबाबाईची पालखी निघते आणि नवरात्रात ललिता पंचमीला ती त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसालाही दर्शन घडते. बाजारातल्या ब्रॅकेटचीही मुख्य विभागणी नेमकी हीच आहे, आणि निवड करताना ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फिक्स ब्रॅकेट टीव्हीला भिंतीलगत धरून ठेवतो आणि पाहणाऱ्याला समोर येऊन बसावे लागते. टिल्ट ब्रॅकेट पडद्याला थोडा खाली वाकू देतो, म्हणून टीव्ही उंच लावणे भाग असेल तिथे तो घ्यावा. मूव्हिंग ब्रॅकेटचा हात भिंतीतून बाहेर येतो आणि पडदा सोफ्याकडे, जेवणाच्या टेबलाकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवता येतो. सोय मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. घरात कोणीही कुठेही बसले तरी पडदा त्याच्यामागे येतो आणि पाहण्यासाठी जागा धरून बसण्याची, पाहणे संपले की तिथून उठण्याची सवय मोडते. अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असेल तर मूव्हिंग ब्रॅकेट अवश्य घ्यावा. इतर घरांना फिक्स ब्रॅकेट अधिक हितकारक आहे, कारण उठून जाण्याची वाट तो मोकळी ठेवतो.

अधिक खोल प्रश्न पडद्यावर देव दिसतो तेव्हाचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये मंदिरे बंद झाली आणि महाराष्ट्रात ती नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या वर्षीचे नवरात्र भाविकांविना पार पडले आणि कोल्हापूरकरांनी अंबाबाईच्या रोजच्या पूजा घरच्या पडद्यावर पाहिल्या. किरणोत्सवालाही गर्भगृहासमोर मोजकीच माणसे मावतात, बाकीचे आवारात लावलेल्या पडद्यांवर किरणांची चढण पाहतात. हे दर्शन म्हणायचे की नुसते बघणे?

प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. राजा रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला आणि देव कागदावर छापून घराघरांच्या भिंतींवर आले. देवळात प्रवेश नाकारलेल्या माणसांच्या घरीही ते गेले, ही त्या छपाईची मोठी पुण्याई. पुढे फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडत, असे सांगितले जाते. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात कंपनी पुण्याला गेल्यावर १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आला आणि तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांना लोक खरोखर नमस्कार करू लागले. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीला हार घालून उदबत्ती लावणारी घरे होती. या माणसांना भोळे म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. त्यांनी पेटीची पूजा केली नाही, पेटीत आलेल्याची केली.

भागवताच्या अकराव्या स्कंधात या प्रश्नाला आधार सापडतो. एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. त्यात सांगितलेल्या प्रतिमा आठ आहेत: शिळेची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चंदनाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. रेखाटलेले चित्र दगडाच्या बरोबरीने बसवलेले आहे, म्हणजे सपाट पृष्ठभागावरचा देव परंपरेला अमान्य नाही. पुढे उपचारांचा भेद येतो. लेपाच्या आणि रेखाटलेल्या प्रतिमेला स्नान नाही, तिला पुसून घ्यायचे. आवाहन-विसर्जनाचाही भेद सांगितला आहे: स्थिर मूर्तीला ते लागत नाही, चल मूर्तीच्या बाबतीत ते ऐच्छिक आहे आणि जमिनीवर आखलेल्या स्थंडिलाला मात्र दोन्ही लागतात, कारण पूजेपुरती ती जागा देवाची असते आणि नंतर पुन्हा साधी जमीन होते.

टीव्हीच्या पडद्याला लागू पडतो तो हा शेवटचा नियम. ज्या काचेवर सकाळी सात वाजता अंबाबाईची आरती दिसते, तिच्यावरच आठ वाजता साबणाची जाहिरात लागते. तिच्यावर देव कायमचा मानला तर जाहिरातही देव्हाऱ्यात येते, आणि कधीच मानला नाही तर अंथरुणाला खिळलेल्या आजीचे हात जोडणे खोटे ठरते. आरती सुरू झाली की भाव ठेवावा, संपली की पडदा बंद करावा. हे आवाहन आणि विसर्जन घरातल्या कोणालाही जमते. दूरचे दर्शन कमी प्रतीचे मानण्याची घाईही नको. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, पण मुखदर्शन घेऊन परतलेल्या वारकऱ्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही.

म्हणून टीव्ही आणि देव्हारा शक्यतो एका भिंतीवर नसावेत. पूजेला बसलेल्या माणसाच्या नजरेत हलता पडदा येऊ नये, एवढे साधे कारण त्याला पुरेसे आहे. दोन खोल्यांच्या घरात दुसरी भिंतच नसेल तर देव्हारा एका कडेला आणि वरच्या पातळीवर घ्यावा, टीव्ही खाली आणि दुसऱ्या कडेला. टीव्ही आग्नेयेला असावा असा वास्तुसल्ला सर्रास दिला जातो. मयमत, मानसार हे वास्तुशास्त्राचे ग्रंथ लिहिले गेले तेव्हा टीव्ही नव्हता, वीज म्हणजे अग्नी असे धरून अलीकडे काढलेला हा निष्कर्ष आहे. त्यासाठी टीव्ही खिडकीसमोर लावून पडद्यावर दिवसभर उजेडाची चकाकी ओढवून घेऊ नये.

जिल्ह्यातल्या इतर परंपरांतही नजरेच्या जागेचा विचार आहे. लिंगायत साधक इष्टलिंग डाव्या तळहातावर, डोळ्यांसमोर धरून पूजा करतो, त्याला भिंत लागतच नाही. मुसलमान घरात नमाजाची दिशा इथून पश्चिमेची आहे. नमाजाच्या वेळी समोर चित्र नसावे, म्हणून टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर न लावणे सोयीचे, आणि लावावाच लागला तर त्या वेळी तो बंद ठेवावा.

शेवटी भिंत पेलते का हे पाहावे लागते. जुन्या पेठांतल्या घरांच्या भिंती माती किंवा चुन्यात रचलेल्या विटांच्या आहेत. ड्रिल मशीन लावले की गिलाव्यामागून माती भुरभुरत बाहेर येते आणि फास्टनर फिरत राहतो. अशा भिंतीवर मूव्हिंग ब्रॅकेट लावूच नये, कारण हात बाहेर ओढला की वरच्या बोल्टवर ताण कितीतरी वाढतो. जाड फळी चार-सहा ठिकाणी पक्की करून तिच्यावर फिक्स ब्रॅकेट बसवावा, नाहीतर टीव्ही टेबलावरच ठेवावा. नव्या फ्लॅटमधल्या सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकना साधा प्लग धरत नाही, त्यांच्यासाठी वेगळे लांब फास्टनर मिळतात. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून (२०० बाय २०० हे माप नेहमीचे) त्याच मापाचा ब्रॅकेट घ्यावा आणि टीव्हीच्या वजनापेक्षा बराच जास्त भार पेलणारा निवडावा. बोल्ट आवळण्याआधी घरातल्या माणसांनी आपापल्या रोजच्या जागी बसून घ्यावे, भिंतीवर पेन्सिलीने डोळ्यांच्या उंचीची खूण करावी आणि पडद्याचा मध्य त्या रेषेवर येईल अशा बेताने पाणसळ लावून भोके पाडावीत.