साठवण आणि गावकूस

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी येथे सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत. शिलावर्तुळ म्हणजे दफनाच्या जागेभोवती मोठमोठे दगड रचून केलेले कडे. त्यांतील काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आजही दिसतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील हे लोक लोखंड वापरीत, घोडा बाळगीत, आणि माहुरझरीच्या एका दफनात तर घोड्याच्या मस्तकावर चढवलेला तांब्याचा साजही सापडला आहे. विदर्भात अशी दफनस्थळे विपुल आहेत; वस्तीच्या जागा मात्र थोड्याच हाती लागल्या असून पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे घरांच्या खुणांबरोबर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. त्यामुळे हे लोक स्थिर शेतकरी होते की गुरांमागे फिरणारे अर्धभटके, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मृतांची जागा मात्र त्यांनी कायमची नेमली होती, आणि जिवंत माणसे एका ठिकाणी किती काळ राहत याचे उत्तर काहीही निघाले तरी हे कडे म्हणजे जमिनीवर उमटलेली ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ अशी एक रेघच होय.

भटकंतीकडून स्थिर वस्तीकडे झालेली वाटचाल बहुधा अवजारे, बियाणे आणि हवामान यांच्या भाषेत सांगितली जाते. ते आवश्यकच आहे. परंतु त्या वाटचालीत माणसाचे माणसाशी असलेले नाते कसे बदलले, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे, आणि त्याचा सर्वांत सखोल वेध दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील अग्गञ्ञ सुत्ताने घेतला आहे. ‘अग्गञ्ञ’ म्हणजे आरंभाचे ज्ञान. या सुत्तातील कथेनुसार एके काळी कोंडा-तूस नसलेला तांदूळ नांगरटीवाचून उगवत असे. सायंकाळी खुडला की सकाळी पुन्हा तयार, सकाळी खुडला की सायंकाळी पुन्हा तयार. एका आळशी जीवाने दोन्ही वेळचा तांदूळ एकदमच आणला, त्याचे पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, मग कोणी चार दिवसांचा, कोणी आठ दिवसांचा. साठवण सुरू होताच दाण्याला तूस आले आणि खुडलेले रोप पुन्हा उगवेनासे झाले. मग शेते वाटली गेली, बांध पडले, एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला, आणि चोरी, खोटे, दंड ही सारी त्यामागून आली. शेवटी लोकांनी आपल्यातूनच एकाला निवडून, तांदळाचा हिस्सा देण्याच्या बोलीवर, न्याय करण्यास नेमले. तोच महासम्मत, म्हणजे सर्वांच्या संमतीचा राजा.

या कथेत दोष नांगराचा नाही, कणगीचा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही तिच्यात एक मार्मिक साम्य आढळते: रानटी भाताचे दाणे पिकताच गळून पडतात आणि आपोआप रुजतात, लागवडीचा भात मात्र दाणा ओंबीतच धरून ठेवतो आणि माणसाच्या हातावाचून त्याचा वंश पुढे चालत नाही. पीक माणसावर अवलंबून राहिले आणि माणूस पिकाच्या राखणीत गुंतला. भिक्षूने शिजलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवू नये आणि जमीन खणू नये, हे विनयातील, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेतील, नियम या कथेशेजारी ठेवून वाचले म्हणजे ते केवळ देहदंडाचे नियम राहत नाहीत. वर्षावासाचे कारणही येथे ध्यानात घ्यावे लागते. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे कोंब तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तीन महिने एका जागी राहण्याची प्रथा पडली. म्हणजे ज्याने घर सोडले त्यालाही दुसऱ्याच्या शेतासाठी थांबावे लागले.

हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात वेगळ्या बाजूने हाताळला. गुरे हे धन होते तोवर टोळ्या फिरत्या होत्या. जमीन धन झाली तेव्हा काही टोळ्या स्थिरावल्या, काही तशाच राहिल्या, आणि त्यांच्या लढायांत पराभूत टोळ्यांची वाताहत झालेली माणसे सैरभैर झाली. त्यांना आसरा हवा होता आणि स्थिर गावाला राखणदार हवे होते. रक्ताचे नाते नसल्यामुळे त्यांना गावकुसाबाहेर, शिवेजवळ जागा मिळाली. आयर्लंड आणि वेल्समध्येही परकी माणसे अशीच वस्तीबाहेर राहत, असे सांगून बाबासाहेब पुढचा भेद दाखवतात: तेथे पुढे रक्ताऐवजी भूमी हे नाते ठरले आणि बाहेरचे आत सामावले गेले, येथे मात्र इसवी सन 400 च्या सुमारास अस्पृश्यतेने ती वाट बंद केली. हा सिद्धान्त पुरातत्त्वाच्या पुराव्याने पुरता सिद्ध झालेला नाही, आणि तो अनुमानावर उभा आहे हे बाबासाहेबांनीही लपवले नाही. तरीही गाव कसे वसले हे सांगताना बाहेर कोण राहिले हे सांगितल्यावाचून ते कथन पुरे होत नाही, ही त्यांची पकड अचूक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात या भूमीचे नाते बौद्ध धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांशी जोडले. गावकुसाबाहेरच्यांना कुसाच्या आतला इतिहास परत देण्याचाच तो प्रयत्न होता.

‘आतली’ आणि ‘बाहेरची’ ही रेघ अजून पुसली गेलेली नाही. 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कलंक स्वतंत्र भारतात 1952 मध्ये कागदावरून निघाला. विदर्भात फासेपारध्यांची वस्ती आजही ‘बेडा’ म्हणून ओळखली जाते आणि ती बहुधा गावापासून दूर असते. महाराष्ट्रात विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला काढताना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी आपले कुटुंब राज्यात राहत होते याचा पुरावा जोडावा लागतो. ज्यांचे आजे पाल उचलून गावोगाव फिरले, त्यांच्या नातवंडांकडे त्या वर्षाचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती कोठून असणार?