मागे कोण राहिले?

पहाटे साडेपाचच्या सुमारास वसईच्या रस्त्यांवर पूर्वी दूधवाले, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन स्टेशनकडे निघालेल्या बायका आणि लोकल गाठण्यासाठी पाय उचलणारे चाकरमाने एवढेच दिसत असत. आता त्यांच्या जोडीला आणखी एक जमात दिसू लागली आहे. पायांत जाड तळव्यांचे बूट, मनगटावर घड्याळ आणि अंगात झगझगीत बनियन घातलेली ही माणसे कोठेही पोहोचण्यासाठी धावत नाहीत. जेथून निघाली तेथेच घामाघूम होऊन ती परत येतात. मुंबईची मोठी मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि 2011 साली आपल्या वसई-विरारच्या महापालिकेनेही अशी स्पर्धा भरविली. तेव्हापासून या माणसांची संख्या वाढत गेली. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एखादा तरी धावणारा आहे.

माझ्या भाच्याने मागील महिन्यात मला विचारले, “मामा, धावायला सुरुवात करतोय. आपल्याकडे दोन-तीन ग्रुप आहेत. कुठल्यात जाऊ?” प्रश्न साधा होता. मी आठ वर्षे धावतो आहे, तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर असायला हवे होते. तरीही मी त्याला म्हणालो, “दोन दिवसांनी सांगतो.” त्या दोन दिवसांत मनात जे आले, ते येथे मांडीत आहे.

व्यवहारापुरते उत्तर कठीण नाही. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरांची असते. अर्धी म्हटली तरी 21 किलोमीटरांहून किंचित अधिक. पूर्ण अंतराच्या तयारीला चार-पाच महिने सहज लागतात आणि त्यातील बरेचसे धावणे, सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने करायचे असते. म्हणून गट घराजवळचा असावा. नाहीतर पावसाळ्यात पहिला कंटाळा प्रवासाचाच येतो. शिकविणारा जाणता असावा, त्याने नवख्याला जुन्या दुखण्यांविषयी विचारावे, चाळिशी उलटलेल्याला आधी डॉक्टरांकडे पाठवावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. वेगवेगळ्या वेगाच्या माणसांसाठी वेगवेगळ्या तुकड्या असाव्यात. वाटेत पाण्याची सोय असावी. एवढे पाहिले की व्यवहार संपतो. माझी अडचण त्यापुढे सुरू होते.

मी स्वतः पहिला गट निवडला तो एकाच कसोटीवर. त्या गटातील माणसे वेगवान होती. पंचेचाळिशीत मधुमेहाच्या भीतीने मी चालू लागलो, चालता चालता धावू लागलो आणि वर्षभरातच माझ्या मनात एक आकडा घर करून बसला: अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या आत. ज्यांनी हा आकडा गाठला होता त्यांच्यात मी जाऊन मिसळलो. त्यांनी मला शिस्त दिली, हे मी आजही मान्य करतो. त्यांच्यामागे फरपटत का होईना, मी वेग कमावला. माणूस ज्यांच्या संगतीत राहतो त्यांच्यासारखा होतो, हे आपल्या आईवडिलांनी आपल्याला शाळेच्या वयात सांगितलेले असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते पायांना कळले.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मितभाषी, नियमित. ऑक्टोबरमधील एका रविवारी आम्ही भुईगावच्या बाजूने चोवीस किलोमीटरांसाठी निघालो होतो. पावसाळा सरलेला आणि ऊन लवकर चढणारे ते दिवस. सोळा-सतरा किलोमीटर झाले असतील. सर माझ्या शेजारी होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता आणि तो नेहमीसारखा नव्हता. ते थोडे मागे पडले. मी मान वळविली तेव्हा त्यांनी हात हलविला आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे.” मी घड्याळाकडे पाहिले. त्या दिवशी माझे पाय हलके होते. मनातला आकडा प्रथमच आवाक्यात दिसत होता. मी पुढे झालो.

परतल्यावर आम्ही शहाळी प्यालो, पाय ताणले, छायाचित्रे काढली. वीस मिनिटे तरी गेली असतील. मग कोणीतरी म्हणाले, “सरांची स्कूटर इथेच आहे अजून.” तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही आमची माणसे मोजलीच नव्हती. आणखी दहा मिनिटांनी एका रिक्षातून सर आले. चक्कर येऊन ते रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली बसले होते. वाडीत फुले खुडणाऱ्या एका बाईने त्यांना पाहिले, साखर-मीठ घातलेले पाणी पाजले आणि रिक्षा थांबवून दिली. दवाखान्यात सलाईन लागले. संध्याकाळपर्यंत ते घरी आले. मी भेटायला गेलो तेव्हा मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “मीच म्हणालो ना, पुढे व्हा म्हणून? तुमचा काय दोष?”

हे वाक्य मला फार दिवस पुरले. वरवर पाहता ते बरोबर होते. गटाचा कोणताही नियम मोडला गेला नव्हता. कोणी कोणाला फसविले नव्हते. प्रौढ माणसे आपापल्या जबाबदारीवर धावत होती आणि ज्याला मागे राहायचे होते त्याने तशी परवानगीही दिली होती. तरीही काहीतरी चुकले होते, आणि ते माझ्याकडून चुकले होते. मागे पडलेला माणूस ‘थांबा’ असे क्वचितच म्हणतो. आपले ओझे दुसऱ्यावर पडू नये, ही त्याची शालीनता असते. थोडा अभिमानही असतो. ‘पुढे व्हा’ या शब्दांत परवानगी असते तशीच एक चाचपणीही असते, ‘हा खरोखरच जातो का’ याची. घरातील वृद्ध आई मुलाला “जा रे तू, माझं काय, मी राहीन” असे सांगते, तेव्हा ते वाक्य शब्दशः घेणारा मुलगा नियमाने निर्दोष ठरतो. पण केवळ नियमाने.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक उपयोगासाठी जडते, दुसरी आनंदासाठी, आणि तिसरी समोरच्या माणसाचे भले व्हावे एवढ्याच इच्छेने. पहिल्या दोन मैत्र्यांना तो वाईट म्हणत नाही. त्या फक्त सहज तुटतात, कारण उपयोग किंवा आनंद संपला की त्यांना बांधून ठेवणारे काही उरत नाही. मी तो गट निवडला तेव्हा ती पहिल्या प्रकारची निवड होती. सर माझ्या उपयोगाचे होते तोवर माझ्या शेजारी होते; त्यांचा वेग कमी झाला त्या क्षणी आमचे नातेही संपले. ही गोष्ट मला धावण्याने शिकविली नसती तर कदाचित कचेरीत किंवा नात्यागोत्यात अधिक महागात शिकावी लागली असती.

सोबतीची गरज केवळ दुबळ्यांना असते, असेही नाही. केनियाच्या एलियुड किपचोगे यांनी 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्ना येथे मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले. त्यांच्याभोवती आळीपाळीने 41 नामांकित धावपटू वेग राखीत आणि वारा अडवीत धावले. तो खास आखलेला प्रयोग असल्यामुळे अधिकृत विक्रमांत त्याची नोंद नाही. जगातील सर्वांत वेगवान माणसालाही इतरांच्या पाठीमागे आडोसा घ्यावा लागला, हे मात्र नोंदवून ठेवण्याजोगे आहे. कोणाचे तरी ऋण घेतल्याशिवाय कोणीच वेगवान होत नाही. मी माझ्या गटाचे ऋण घेतले होते. फेडायची वेळ आली तेव्हा घड्याळ पाहिले.

यापुढे ही हकिकत सोपी झाली असती. वेगवानांचा गट निर्दय आणि संथ गट मायाळू, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो असतो. मी खरोखरच गट बदलला. नवा गट सर्वांसाठी थांबत असे. वातावरण घरच्यासारखे होते. पण काही महिन्यांत तेथील दोषही दिसू लागले. कोणी आठ-आठ दिवस आले नाही तरी त्याला कोणी विचारीत नसे, आणि या न विचारण्याला आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो. चुकीचे धावणाऱ्याला चूक दाखविली जात नव्हती. विशीतील एका मुलीच्या पायांत चांगला वेग होता; ती पुढे गेली की “कुणाला दाखवतेस?” अशी थट्टा होई. ती हळूहळू यायची बंद झाली. तिलाही आम्ही गमावलेच; सरांना मागे सोडून गमावले, तिला मागे खेचून. संथपणा म्हणजे माया नव्हे, हे मला तेथे कळले. ज्याच्या अंगी वेग आहे त्याची धावण्याची इच्छा पापासारखी वागविणे हाही अन्यायच आहे.

मग मर्यादा कोठे आखावी? दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनची येथे आठवण होते. पहिल्या महायुद्धात लढलेल्या व्हिक क्लॅफम यांनी युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ 1921 साली ती सुरू केली. पहिल्या वर्षी 34 जण धावले. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमधील हे अंतर सुमारे 90 किलोमीटरांचे. ‘सोबती’ असे नाव धारण करणाऱ्या या शर्यतीने कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना मात्र 1975 पर्यंत अधिकृत प्रवेश दिला नव्हता. नावाला जागणे किती कठीण असते, याचा हा धडा आहे. शर्यतीला 12 तासांची मुदत असते. मुदत संपताच बंदुकीचा बार होतो आणि त्यानंतर एक पाऊल मागे असलेल्यालाही पदक मिळत नाही. बार काढणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे कोणाचा चेहरा पाहून त्याचा हात थबकू नये. नियम असा कठोर आहे. पण त्याच शर्यतीत शेवटच्या तासात पोहोचणाऱ्यांना जे पदक मिळते, त्याला संस्थापक क्लॅफम यांचे नाव दिलेले आहे. कठोर मर्यादा आणि मागून येणाऱ्याचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

आमच्या नव्या गटाने पुष्कळ वादावादीनंतर एक साधी पद्धत स्वीकारली. ज्याला वेगाने जायचे त्याने जावे. थट्टा करायची नाही. मात्र दर रविवारी एकजण सर्वांच्या शेवटी धावेल. निघताना माणसे मोजायची, परतल्यावर पुन्हा मोजायची, आणि मोजणी जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. शेवटी धावण्याची पाळी सर्वांवर येते, सर्वांत वेगवान असलेल्यावरही. माझी पहिली पाळी आली त्या दिवशी मी पन्नाशीच्या एका बाईंमागून, किलोमीटरला नऊ मिनिटे या गतीने धावलो. आरंभी पाय अवघडले, मन चिडचिडले. नंतर त्यांचे बोलणे ऐकू येऊ लागले. पतीच्या निधनानंतर पहाट घरात जात नाही, म्हणून त्या धावायला येत होत्या. वर्षभर मी त्यांना केवळ ‘सगळ्यांत मागच्या’ म्हणून ओळखत होतो.

मोजणीचा हा प्रश्न घरापर्यंतही येतो. बहुतेक गटांची लांब पल्ल्याची धाव रविवारी पहाटे असते आणि आपल्या घरांत रविवार सकाळ ही मिस्सेची व कुटुंबाची असते. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला जाऊन कर्तव्य पार पाडता येते, हे मी जाणतो. मीही तसे केले आहे. पण मुले आईबरोबर चर्चला निघाली आहेत आणि वडील थकून पलंगावर पडले आहेत, असे रविवार महिनोन्‌महिने जाऊ लागले, तर त्या घरातही कोणी ‘तुम्ही व्हा पुढे’ असेच म्हणत असते. ते ऐकू येण्यासाठी मान वळवावी लागते. गट निवडताना घरच्यांना विचारावे, हा सल्ला कोणी देत नाही, मी देतो.

सर पुन्हा धावले नाहीत. ते चालतात. चर्चच्या आवारात भेटले की विचारतात, “आज किती झाले?” मी आकडा सांगतो आणि त्यांना मनापासून आनंद होतो. त्या झाडाखाली बसून त्यांनी रस्त्याकडे किती वेळ पाहिले असेल, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

दोन दिवसांनी मी भाच्याला फोन केला. त्याला म्हणालो, “प्रत्येक गटात एकेक रविवार पाहुणा म्हणून जा. पहिला कोण येतो ते पाहू नकोस. ते सगळेच पाहतात. सर्वांत शेवटचा माणूस येईपर्यंत थांब, आणि त्याच्यासाठी तिथे कोण उभे आहे ते पाहा.”

“आणि कोणीच नसेल तर?” त्याने विचारले.

“तू तर असशील,” मी म्हणालो. “मग पुढच्या रविवारी तिथेच जा.”