उभा राहू शकणारा ट्रॅक्टर

नवा ट्रॅक्टर दारात आला की त्याला हार पडतो, पेढे वाटले जातात. जुना आला की लोक विचारतात, "कितीला बसला?" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "काम तर काढणार नाही ना?" पैसा कमी पडला म्हणून जुना घेतला, असा अर्थ गाव परस्पर लावून मोकळं होतं. हा अर्थ मला पटत नाही. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्यासाठी नीट पारखून घेतलेला जुना ट्रॅक्टर हा पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार असतो, आणि तो स्वस्त पडतो एवढंच त्याचं कारण नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आपण त्याच्या दुप्पट, सहा-साडेसहा एकरांचा शेतकरी धरू. खोल नांगरटीला एकरी दोन-अडीच तास, रोटाव्हेटरला तास-दीड तास, पेरणीला आणि पाळ्यांना आणखी थोडे. फवारणी आणि घरची वाहतूक मिळवली तरी एकराला वर्षाकाठी दहा तास म्हणजे डोक्यावरून पाणी. वर्षाचे झाले साठ-पासष्ट तास. इंजिनाचं तेल अडीचशे तासांनी बदला, असं कित्येक मॉडेलांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. या शेतकऱ्याचे अडीचशे तास भरायला चार वर्षं जातील. एवढ्याशा कामासाठी सात लाखांच्या घरातलं यंत्र कर्जावर घ्यायचं, तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं हा प्रश्न आलाच.

त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: भाड्याने चालवायचा. सहामाही हप्ता डोक्यावर असला की ट्रॅक्टर उभा ठेवणं परवडत नाही. मग ट्रॉली येते, तिच्यासाठी आणखी कर्ज येतं, ड्रायव्हर येतो. ऊसपट्ट्यात कारखान्याशी वाहतुकीचा करार होतो, टोळीसाठी मुकादमाला उचल दिली जाते आणि ती बुडाली तर तेही अंगावर येतं. शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर शेतकऱ्याला वाहतूकदार करून टाकतो. पाऊस पडून वाफसा आला की हप्त्यासाठी लोकांची रानं आधी धरायची आणि आपलं रान मागं ठेवायचं, अशी पाळी त्याच्यावर येते. यंत्र आपल्यासाठी घेतलं होतं, आता आपण यंत्रासाठी राबतो आहोत, हे पहिल्या वर्षी लक्षात येत नाही, तिसऱ्या वर्षी येतं.

कर्ज न काढता, दोन-तीन लाखांत घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचा खरा गुण इथे आहे. तो उभा राहू शकतो. छपरात महिनाभर उभा राहिला तरी त्याला वैरण लागत नाही आणि व्याजही लागत नाही. बॅटरी उतरते, तेवढंच. धन्याने हाक दिली की निघावं आणि काम संपलं की गप्प उभं राहावं, एवढीच लहान शेतकऱ्याची यंत्राकडून अपेक्षा असते. ती पुरी करण्याची ऐपत नव्या, कर्जाच्या ट्रॅक्टरला नसते.

यावर जाणकार म्हणतील, मग विकतच कशाला घ्यायचा? साठ तासांचं काम भाड्याने करून घ्या, त्याहून स्वस्त काही नाही. आकड्यांपुरतं हे खरं आहे. पण सगळ्या शिवाराला वाफसा एकाच वेळी येतो. काळ्या रानात मृगाचा पाऊस झाला की आज पाय रुततो, तीन दिवसांनी रान वाफशावर येतं आणि ऊन तापलं तर आणखी चार दिवसांनी ढेकळं निघतात. भाड्याचा ट्रॅक्टर त्या चार दिवसांत पन्नास जणांना हवा असतो, आणि आधी मान मिळतो तो पंधरा एकरांच्या सलग तुकड्याला. कोपऱ्यातल्या दोन एकरांच्या वाट्याला "उद्या येतो" येतं. रब्बी ज्वारीचं तर विचारूच नका. हस्ताचा पाऊस झाल्यावर ओल धरून पेरायचं असतं आणि एक आठवडा हुकला की दाण्यापर्यंत ओल पुरत नाही. भाड्याच्या हिशेबात ही हुकलेली ओल कुठेच लिहिलेली नसते. आपल्या दारात ट्रॅक्टर असणं म्हणजे त्या चार दिवसांवर आपला हक्क असणं. पूर्वी हा हक्क बैलजोडी देत होती. आज चांगली खिलार जोडी लाखाच्या पुढेच आहे, आणि तिला बाराही महिने वैरण आणि माणूस लागतो.

पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर आजचं अवजार ओढू शकतो, याचं श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाला द्यायला हवं. अवजार मागे साखळीने न ओढता ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडायचं आणि हायड्रॉलिकने उचलायचं, ही त्याची युक्ती. १९३९ साली हेन्री फोर्डच्या भागीदारीत ती फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. १९४६ पासून इंग्लंडात निघालेला त्याचा टीई-२० हा लहानसा ट्रॅक्टर इतका भरवशाचा होता, की एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये त्याला पट्टे बसवून दक्षिण ध्रुवावर पोचले. आपल्याकडच्या मॅसी फर्ग्युसनच्या नावात तो माणूस अजून आहे. तीन टोकांची जोडणी आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांनी अवजार फिरवणारा पीटीओचा दांडा ही मापं ठरून गेल्यामुळेच वडिलांच्या काळच्या ट्रॅक्टरला आज शोरूममधून आणलेलं अवजार बसतं. अश्वशक्ती पुरेल एवढं मात्र बघावं लागतं. शिवाय बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की पीटीओही थांबतो. रोटाव्हेटर चालवणाऱ्याने हे घेण्याआधीच तपासावं.

पारख करण्याची कला आपल्याकडे होती. बैलाचे दात आणि खूर पाहून त्याचं वय आणि कष्ट सांगणारी माणसं प्रत्येक गावात असत. ती नजर लोखंडाला लावणारे मिस्त्रीही आहेत, आणि त्यांच्या सोबत जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात फिरणं हे एक शिक्षण आहे. असाच एक मिस्त्री मी पाहिला. विकणाऱ्याने बॉनेट उघडायच्या आत त्याने इंजिनावर तळहात ठेवला. लोखंड कोमट होतं. "पाव्हणं, सकाळीच चालू केला होता जणू?" एवढंच तो म्हणाला. गार इंजिन एका सेल्फात उठतं का, ही पहिली परीक्षा, आणि आधी गरम करून ठेवलेला ट्रॅक्टर ती चुकवतो. पठ्ठ्याने तासभर थांबून इंजिन गार होऊ दिलं, मग चालू करायला लावलं. सुरुवातीचा पांढरा धूर निघून गेला, पण निळसर झाक राहिली, म्हणजे तेल जळत होतं. त्याने तेल भरायचं झाकण उघडून वर हात धरला, तर भकभक वाफ येत होती. "बॅक कॉम्प्रेशन आहे. बोअर-पिस्टन आलं." तेलाची कांडी काढून त्याने दोन बोटांत तेल चोळून पाहिलं. ते दुधाळ असेल तर पाणी आत शिरलंय. इथे तसं नव्हतं.

मग तो मागे गेला. मीटर किती तास दाखवतो याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, कारण मीटरची केबल काढून ठेवणं पोराटोरांनाही जमतं. त्याने हुकाच्या पट्टीतल्या भोकात बोट फिरवलं. गोल भोक झिजून अंडाकृती झालं होतं. मागच्या टायरच्या नक्षीच्या काठाला धार होती, पण मध्यभागी ती सपाट झाली होती. म्हणजे हा ट्रॅक्टर रानात थोडा आणि डांबरी रस्त्यावर फार चालला होता, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे घेऊन. अशा ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअरबॉक्स थकलेला असतो, मग वरून रंग कितीही चकचकीत असो. शेवटी त्याने लिफ्टला नांगर लावून वर उचलला आणि इंजिन बंद करायला सांगितलं. बोलता बोलता नांगर खाली खाली येत जमिनीला टेकला, म्हणजे लिफ्टही दाब धरत नव्हती. बाजारात भाताच्या चिखलणीतले ट्रॅक्टरही येतात. त्यांची हुकाची भोकं गोल असतात, पण चाकाच्या आतल्या सिलांमधून पाणी शिरून ब्रेक गेलेले असतात. मला यातून उमगलं ते असं, की जुना ट्रॅक्टर घेताना आपण आधीच्या मालकाची सवय विकत घेत असतो. त्याने तेल वेळेवर बदललं का, एअर फिल्टर साफ केला का, हे लोखंडात उतरलेलं असतं. किंमत ठरते ती त्यावर. मॉडेलचं साल त्याच्या नंतर येतं.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे ठरवायलाही इतिहास कळावा लागतो. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत महिंद्राने ट्रॅक्टरची कंपनी काढली. स्वराज १९७४ मध्ये आपल्याच देशात, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या आराखड्यावर उभा राहिला. पुढे आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ मध्ये टॅफे या कंपनीकडे आणि स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला, पण नावं टिकली आणि सुटे भागही. आयशरच्या जुन्या एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची धडधड अजून कित्येक वाड्या-वस्त्यांवर ऐकू येते. त्यात रेडिएटरच नाही, म्हणून रेडिएटर गळण्याची काळजीही नाही. एचएमटीचं मात्र वेगळं झालं. झेटरच्या तंत्रावर पिंजोरला सुरू झालेला हा दणकट ट्रॅक्टर, पण सरकारने २०१६ मध्ये तो धंदाच बंद केला. त्याचा एखादा उत्तम नग कमी पैशात मिळत असेल, तरी आधी आपल्या तालुक्याच्या दुकानात त्याची क्लचप्लेट आणि पंपाचं सामान मिळतं का, हे विचारूनच पाऊल टाकावं.

दुरुस्ती हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तो वाढत जाणार आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायला इंधनाचा फवारा इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळावा लागतो. हवेसाठी हे चांगलंच आहे, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण या ट्रॅक्टरात बिघाड झाला की पाना आणि हातोडा पुरत नाही, कंपनीचा संगणक लागतो. अमेरिकेत ही गोष्ट आधी घडली. तिथे शेतकरी चाळीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर लिलावात चढ्या भावाने घेऊ लागले, कारण ते स्वतः खोलून दुरुस्त करता येतात. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत शेतीची अवजारं घातली. समितीचं हे काम सरकारी पोर्टलवर माहिती टाकण्यापुरतं राहू नये. ज्या शेतकऱ्याच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, त्याला पेरणीच्या दिवसांत कंपनीच्या माणसाची वाट पाहायला लावणं हा अन्याय आहे.

मला सरकारकडून आणखी एक गोष्ट हवी आहे. मध्य प्रदेशात बुधनीला १९५५ पासून केंद्राची शेतीयंत्र प्रशिक्षण आणि तपासणी संस्था आहे. नव्या मॉडेलची तिथे कसून चाचणी होते. अनुदानही नव्यालाच मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तोही नव्याच्याच किमतीतून उतरला. (जुन्याचा भाव करताना ही गोष्ट जरूर काढा. नव्याची किंमत उतरली की जुन्याची उतरलीच पाहिजे.) जो शेतकरी स्वतःच्या साठवलेल्या पैशातून, कर्ज न काढता जुनं यंत्र घेतो, त्याच्या बाजूने मात्र कोणी उभं नाही. ज्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तिथे ठरावीक फी घेऊन जुन्या ट्रॅक्टरची तपासणी करून लेखी दाखला द्यायची सोय झाली, तर मुलांना काम शिकायला मिळेल आणि शेतकरी एजंटाच्या तावडीतून सुटेल. कॉम्प्रेशन, तेलाचा दाब, लिफ्ट, ब्रेक, चासी नंबर, बस, एवढंच तपासायचं आहे. कृषी विभागाने एका जिल्ह्यात करून पाहावं.

ती सोय होईपर्यंत कागद तरी सांभाळा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. चासी नंबर स्वतः घासून वाचा. विकणाऱ्यांनाही सांगणं आहे. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरवर, सह्या करून ट्रॅक्टर दिला म्हणजे सुटलो असं नाही. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं आहे. गावोगाव असे ट्रॅक्टर फिरताहेत जे तीन हातांतून गेले आणि नाव अजून पहिल्याचंच आहे. तेव्हा घेणाऱ्याने आरसी बुकावर आपलं नाव चढेपर्यंत शेवटचे वीस-पंचवीस हजार हातचे सोडू नयेत, आणि विकणाऱ्याने ते नाव चढलं का, हे स्वतः जाऊन पाहावं.