पुंडलिकाची सेवा आणि घरची अब्रू
पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही, देवच विटेवर थांबला. हे आपण जाणतोच. दिंडीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. मग घरच्या म्हातारीला औषधापुरते पैसे मागायला संकोच का वाटावा? २००७ च्या कायद्याने मुलगा सांभाळीत नसेल तर आईबापांना न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. महिना १०,००० रुपयांपर्यंत. पण 'लोक काय म्हणतील' म्हणून माउली तोंड उघडीत नाही. अब्रू मुलाची, उपास तिचा! आम्ही म्हणतो, लाज मागणाराला नव्हे, न देणाराला वाटली पाहिजे. आणि ती वाटायला लावणे गावाचे काम. मायबापहो, रोज माळ हाती घेण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, "जेवलात का?" तिथूनच वारी सुरू होते.