कुणाच्या मापाचे?

दिवाळीच्या आधी घरोघरच्या ट्रंका उन्हात निघतात, तशी माझीही एक निघते. तिच्यात शालू-पैठण्या नाहीत. एक बाराबंदी आहे, दोन अंगरखे आहेत, एक घेरदार जामा, मावळ्यांचे चोळणे, खणाच्या पाचसहा चोळ्या आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एकेक चिठ्ठी. पोशाख कुणाचा, काळ कोणता, कापड किती लागले, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले. शेजारचे गृहस्थ दरवर्षी कुंपणावरून विचारतात, "काय मास्तर, यंदा नाटक कंपनी निघणार वाटतं?" कंपनी कधीच निघत नाही. काही माणसे पोस्टाची तिकिटे जमवतात. मी गेलेल्या माणसांचे कपडे शिवतो, इतकेच.

वडील शिंपी होते. मी मॅट्रिक झालो, शाळेत शिवणाचा वर्ग घेऊ लागलो आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. या दोन उद्योगांत लबाडीला जागा कुठे अधिक, हे मला चांगले ठाऊक आहे. कादंबरीत 'सरदाराने जामा अंगावर चढवला' असे एक वाक्य लिहिले की सरदार घोड्यावर बसायला मोकळा. सुई असे निभावून नेत नाही. ती विचारते, बंद कोणत्या काखेत? कारण मोगल काळातली चित्रे पाहावीत तर मुसलमान सरदाराच्या जाम्याचे बंद उजव्या काखेत बांधलेले दिसतात आणि हिंदू सरदाराचे डाव्या. घेराला कळ्या किती घालायच्या? हात वर केला की अंग वर ओढले जाऊ नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा लावायचा की नाही? या प्रश्नांपायी मी डॉ. घुर्ये यांचे १९५१ सालचे भारतीय वेशभूषेवरचे इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन चाळले आहे. आधी कागदावर बेत करायचा, मग स्वस्त मांजरपाटावर तो बेतून टाचून पाहायचा, चुकले की उसवायचे, आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावायची. एका जाम्याला दोन महिने सहज जातात.

त्यातून मी शिवतो हाताने. शिवणयंत्राचे नाव घेण्याजोगे पेटंट निघाले ते १८४६ साली, अमेरिकेत. त्याआधीच्या माणसाच्या अंगावर यंत्राची टीप घालायची, म्हणजे बाजीरावाच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेच. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "अहो, आतली शिवण कोण उलटून बघणार आहे?" मी म्हणत असे, "कुणी नाही. पण मला माहीत असतं ना!" हे उत्तर मला स्वतःलाच फार आवडे. नीतीचा एक मोठा सिद्धांत आपण धावदोऱ्याने पक्का केला आहे, असे वाटे.

माझ्या हट्टामागे एक भीतीही होती. खोटा पोशाख खऱ्याची जागा फार लवकर घेतो. राजा रविवर्म्याने देवींना आणि पुराणातल्या स्त्रियांना साड्या नेसवल्या, १८९४ साली मुंबईत छापखाना काढून त्या तसबिरी घराघरांत पोचवल्या, आणि आता लक्ष्मी डोळ्यांपुढे आणायची म्हटली की तीच साडी दिसते. ते एका मोठ्या कलावंताचे काम. आपल्या शाळांच्या संमेलनांत तर रबर घातलेली शिवलेली नऊवारी जिजाबाईंनाही चालते आणि झाशीच्या राणीलाही! तेव्हा निदान माझ्या ट्रंकेतला काळ खरा असावा, एवढीच माझी धडपड.

ही धडपड एका म्हातारीने एका दुपारी थांबवली.

आमची शाळा महाडपासून फार लांब नाही. संमेलनात 'आपल्या जिल्ह्याचा इतिहास' दाखवायचे ठरले. पोशाख अर्थात माझ्याकडे. रायगडाचे काम सोपे होते. मग आला चवदार तळ्याचा प्रसंग. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, आणि तिथे बाबासाहेब बायकांशीही बोलले. लुगडे वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायकांसारखे नेसा, गळ्यातले आणि कोपरापर्यंतचे ते ढीगभर दागिने सोडा, त्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, असे त्यांनी सांगितले. शिवणाच्या मास्तराला याहून मोलाचा प्रसंग कुठे मिळणार? इतिहासाचे एक पान नेसणीवर उलटले होते!

मी कामाला लागलो. जाडेभरडे लुगडे मिळवले, बाजारातल्या डब्यांचा पत्रा कापून कथलाच्या दागिन्यांची नक्कल केली, आणि नववीतल्या एका मुलीचे माप घेतले. तिची पणजी त्या परिषदेला गेली होती, असे तिनेच वर्गात सांगितले होते. मला वाटले, हा मान तिच्या घराकडेच जावा.

दोन दिवसांनी तिची आजी शाळेत आली. पंच्याहत्तरीची, ताठ. तिने लुगडे हातात घेतले, उंची बोटांनी मापली, दागिने वाजवून पाहिले.

"गुरुजी, हे कुणाच्या मापाचं?"

"आजी, तुमच्या नातीच्या."

"माझ्या सासूनं हे महाडला टाकलं. परत उचलून आमच्याच पोरीच्या अंगावर घालताय?"

मी समजावू लागलो. हा मान आहे, हा इतिहास आहे, खरे ते दाखवलेच पाहिजे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "खरंच आहे, मी कुठं खोटं म्हणते? पण तुमची मुलगी हाय ना याच वर्गात? तिला नेसवा."

मी गप्प राहिलो. फार वेळ नाही, अर्धा मिनिट असेल. मग "बघतो" म्हणालो. आजीने लुगड्याची घडी घातली, नीट, चार कोन जुळवून, आणि माझ्यापुढे ठेवून ती निघून गेली.

त्या अर्ध्या मिनिटावर मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे. माझ्या बाजूने बोलण्यासारखे काही नव्हते असे नाही. सगळ्यांनाच नीटनेटके, घोट्यापर्यंत नेसवून रंगमंचावर आणले, तर १९२७ साली त्या बायांनी केले तरी काय, हे मुलांना कळणार कसे? जे टाकले ते दिसलेच नाही, तर टाकण्याला किंमत राहात नाही. हे मला आजही पटते. परंतु मग दुसरी एक गोष्ट आठवते आणि माझी मलाच लाज वाटते. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मी दरवर्षी एका मुलीला त्यांचा पोशाख करून देतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकीत, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, ही हकीकत मीच वर्गात सांगतो. पण इतक्या वर्षांत ते लुगडे शेणाने माखावे असे मला एकदाही सुचले नाही. तिथे माझा खरेपणा कुठे गेला होता? काठ कोणता, खण कोणता, यातच तो रमला होता. सावित्रीबाईंचे लुगडे मी स्वच्छ ठेवले आणि त्या पणजीचे मात्र हट्टाने आखूड केले.

पोशाख संग्रहालयात लाकडी धडावर टांगला तर तो नुसता पाहायचा. जिवंत मुलीच्या अंगावर चढला की तो तिच्या कातडीला लागतो, आणि संमेलन संपल्यावर वर्गातली मुले दुसऱ्या दिवशी तिला कोणत्या नावाने हाक मारतील ते सांगता येत नाही. शिवाजी महाराज झालेल्या मुलाला चार दिवस 'महाराज' म्हणतात, तो सुखावतो. शिवाय तिथे निवड मोकळी असते. महाराज व्हायला कुणाचेही पोर चालते. इथे मी निवड केली ती घर पाहून. बंद कोणत्या काखेत, हे विचारायला मी विसरत नाही. हे एक विचारायचे मात्र राहून गेले.

तथापि आजीचे म्हणणे मी जसेच्या तसे स्वीकारले असेही नाही. तिने नको म्हटले म्हणून ते लुगडे जाळून टाकावे का? एका बाजूने ती आठवण तिची आहे. आपल्या सासूचे टाकलेले ओझे पुन्हा कुठे दिसावे, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यापेक्षा तिचा मोठा. दुसऱ्या बाजूने, ते ओझे लादणारे तिच्या घरचे नव्हते. लाज वाटायची असेल तर ती आमच्या बाजूच्यांनी वाटून घ्यायला हवी, आणि ती जपून ठेवायलाही आम्हीच हवे. तिने 'तुमच्या मुलीला नेसवा' म्हटले त्यात टोमणा किती आणि न्याय किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

संमेलनात त्या मुलीने आजीचेच एक जुने हिरवे लुगडे नेसले, घोट्यापर्यंत. गळ्यात एकच पोत. तिने पणजीची हकीकत आपल्या शब्दांत सांगितली. दागिन्यांचे नाव घेतले, दाखवले नाहीत. आजी पहिल्या रांगेत होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिने वाजवल्या नाहीत, पदर तेवढा सारखा केला. प्रसंग चांगला झाला. माझ्या दृष्टीने पोशाखात एक मोठी चूक होती, त्या काठाचे लुगडे १९२७ साली निघत नसावे. मी बोललो नाही.

त्यानंतर एका रविवारी मी बाहेरून घरी आलो तर माझी मुलगी आरशापुढे उभी. ट्रंक उघडी, आणि तिने ते आखूड लुगडे गुंडाळलेले, हातात पत्र्याचे दागिने कोपरापर्यंत. दोघी एका उंचीच्या; माप अगदी बरोबर बसले होते. ती हसत वळली, मला दाखवायला.

"काढ ते," मी म्हणालो. विचार करण्याच्या आधीच म्हणालो.

"का हो बाबा? चुकलंय का कुठं?"

कुठेच चुकले नव्हते. तिने मुकाट्याने एकेक दागिना काढून खाटेवर ठेवला आणि अभ्यासाला बसली. मी ते सगळे परत ट्रंकेत घातले.

यंदाही ट्रंक उन्हात काढली आहे. बाराबंदीला कसर लागू पाहते, डांबराच्या गोळ्या आणायला हव्यात. सगळ्या चिठ्ठ्या तपासून झाल्या. त्या लुगड्याला तेवढी चिठ्ठी नाही. दोरा बांधून ठेवला आहे. आजी बाजाराच्या दिवशी या रस्त्याने जाते. या खेपेला तिला हाक मारून आत बसवावे आणि चिठ्ठीवर काय लिहायचे ते तिलाच विचारावे, असा विचार आहे.