घरी नेमलेला दुसरा शिक्षक

मुलांना घरी शिकवण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. मात्र शाळेने दिलेले काम घरी पुरे करून घेण्याची रीत त्या मानाने अलीकडची असून, या दोहोंतला फरक पालकांच्या अभ्यासविषयक चर्चेत सहसा नजरेआड होतो. दिवेलागणीनंतरचा परवचा, म्हणजे स्तोत्रे, तिथी-नक्षत्रे आणि पाढे यांचे मोठ्याने केलेले पठण, हे घराचे स्वतःचे शिक्षण होते. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे नातवाकडून म्हणवून घेणाऱ्या आजोबांना दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब कोणाला द्यायचा नव्हता. (हा परवचा सर्व जातींच्या घरांत होत नव्हता, हे त्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी विसरू नये.) गृहपाठाचे तसे नाही. त्याचा विषय, रीत आणि मुदत शाळा ठरवते, तपासणीही शाळाच करते, आणि मधल्या वेळेत तो करून घेण्यासाठी घरात एक साक्षर, मोकळे आणि शक्यतो शांत स्वभावाचे माणूस आहे असे गृहीत धरते. हे माणूस बहुतेक घरांत आई असते, आणि तिची ही नेमणूक कोणी बोलून दाखवत नसले तरी वहीत काही अपुरे राहिले की जाब तिलाच द्यावा लागतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी अशा घरगुती अनुकूलतेला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. शाळेची भाषा, तिच्या अपेक्षा आणि तिथे वावरण्याची सवय हे सारे काही मुलांना घरातूनच वारशाने मिळते आणि शाळा मात्र ते मुलाचे स्वतःचे गुण समजून मोजते, असा त्या संकल्पनेचा आशय आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल किंवा घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेले मूल गृहपाठ न करता येते, तेव्हा त्याच्या आळसाची नोंद होते. वास्तविक ती दुसरा शिक्षक नसल्याची नोंद असते.

ज्या घरांत तो शिक्षक आहे तिथेही अडचण संपत नाही, कारण पालकाला विषय येत असला तरी तो आपल्या काळच्या रीतीने येत असतो. बावन्नातून सत्तावीस वजा करताना जुन्या रीतीचा पालक वरच्या दोनाला दहा देऊन बारातून सात घालवतो आणि दिलेल्या दहाची भरपाई म्हणून खालच्या दशकात एक मिळवतो. आजचे पाठ्यपुस्तक पाच दशकांपैकी एक दशक सुटा करून बारा एकक करते आणि वर चारच दशक उरले असे मांडते. उत्तर दोन्हीकडे पंचवीस येते व दोन्ही रीती निर्दोष आहेत, परंतु स्थानिक किमतीची कल्पना अजून पुरती न बसलेले मूल दोन बरोबर माणसांच्या मध्ये सापडते, आणि पालकाचा आवाज चढला की वजाबाकीऐवजी तो आवाजच लक्षात ठेवते. येथे पालकाने रीत शिकवण्याऐवजी मुलाला 'वर्गात कसे केले ते सांग' असे म्हणणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण सांगताना मूल जिथे अडखळते तिथेच त्याची खरी अडचण असते. शिवाय असे ऐकून घ्यायला पालकाला गणित येण्याची गरज नसते.

मदत कशी करावी याविषयी मानसशास्त्रात एक महत्त्वाची संकल्पना आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन शिकवणाऱ्याच्या वर्तनाचे निरीक्षण केले व त्याच्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. तिचा रोख मदत देण्याइतकाच ती काढून घेण्याकडे आहे: मूल चुकले की आधार वाढवायचा आणि जमू लागले की कमी करायचा. आपल्याकडच्या घरांत परांची उभी राहते ती बहुधा दहावीपर्यंत उतरतच नाही.

याचा दोष केवळ पालकांच्या हौसेला देता येणार नाही. महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आणि स्वाध्याय यांनाही स्थान मिळाले. मागचा हेतू परीक्षेचे भय घटवण्याचा आणि म्हणून स्तुत्य होता. परंतु घरी होणाऱ्या कामाला गुण मिळू लागताच ते काम कोणी केले हा प्रश्न गैरसोयीचा झाला. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे आणि आईच्या वळणदार अक्षरांतली शीर्षके असलेला तक्ता कोणी केला हे शिक्षकांना ठाऊक असते, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे पालकांनाही कळत असते. या आपसांतल्या समजुतीत अडाणी ठरते ते स्वतःच्या हाताने वाकडातिकडा तक्ता करून आणणारे मूल. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास असावा, असे सुचवले आहे. ही मर्यादा वेळेची आहे. दिलेले काम मुलाला एकट्याने, घरातल्या कोणाच्याही मदतीवाचून पार पाडता येईल का, ही कसोटी तिच्यात नाही, आणि ती लावायची तर पुष्कळ शाळांना आजच्या प्रकल्पांपैकी बहुतेक वर्गातच करवून घ्यावे लागतील.